सोपयूआयमधून चालतंय, नोडमधून नाही

गेल्या सात-आठ वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्यानं "सोपयूआयमधून..." म्हटलं की पुढचं मीच पूर्ण करतो. (सोपयूआय हे अशा सेवा हातानं तपासायचं साधन, नोड म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली.) विमा, कुरिअर, कर, कुठलं तरी जुनं ईआरपी. आपलं नोड ॲप कितीही नवं असलं तरी कधी ना कधी या सोप, म्हणजे एक्सएमएलमधून बोलणाऱ्या जुन्या सेवांच्या दारात उभं राहावंच लागतं. सोप या नावातला 'एस' मुळात 'सिंपल'चा होता, १.२ आवृत्तीत ते पूर्ण रूपच सोडून दिलं. नाव सोप आणि काम अवघड, हा विनोद आमच्याकडे प्रत्येक नवा माणूस पहिल्या आठवड्यात करतो. दुसऱ्या आठवड्यात करत नाही.

मी ज्या क्रमानं तपासतो त्याच क्रमानं खाली लिहिलंय. आधी फुकटातलं आणि पाच मिनिटांचं, मग कटकटीचं, आणि शेवटी जिथे आपण हात काढून घ्यायचा ते.

लक्षणं

तुमचं दुखणं यातलं कुठलं, ते आधी बघा.

– क्लायंट तयार होतानाच कोसळतो. डब्ल्यूएसडीएलचा (सेवेचं वर्णन करणाऱ्या फायलीचा) मूळ टॅग 'एचटीएमएल' निघाला, अशा अर्थाचा एरर.
– क्लायंट बनतो, पण पहिल्याच कॉलला 'ईकनरीफ्यूज्ड' (कनेक्शन नाकारलं) किंवा 'ईनॉटफाउंड' (मशीनचं नाव सापडलं नाही). एररमधलं मशीनचं नाव तुम्ही जन्मात कधी पाहिलेलं नसतं.
– ४१५ (मजकुराचा प्रकार मान्य नाही) हा एचटीटीपी कोड येतो. किंवा नुसता ५०० (सर्व्हरकडून चूक), आणि लॉगमध्ये 'रिक्वेस्ट फेल्ड' याखेरीज काही नाही.
– २०० (सगळं ठीक) येतो, एरर नाही, पण समोर माहिती अर्धीच पोचलेली असते. हे सगळ्यांत वाईट, कारण ते कळायलाच दिवस जातात.
– इंग्रजी नावं जातात, मराठी नावं अडकतात.
– दिवसातून दहा-वीसदा 'ईकनरीसेट' (कनेक्शन मधेच तुटलं), बाकी वेळ सुरळीत.
– सर्टिफिकेटची तक्रार, पण तोच पत्ता ब्राउझरमध्ये बिनदिक्कत उघडतो.
– तारीख एक दिवस मागे जाते, खाते क्रमांकाचे पुढचे शून्य गळतात, किंवा यादीत एकच नोंद आली की कोड फुटतो.

तारेवरून नेमकं काय गेलं?

कोडला हात लावण्याआधी हे करा. नेहमीची 'सोप' लायब्ररी वापरत असाल तर कॉल झाल्यावर क्लायंटच्या 'लास्टरिक्वेस्ट'मध्ये गेलेलं कच्चं एक्सएमएल जसंच्या तसं मिळतं. ते एका फायलीत टाका. सोपयूआयमधून जे चाललं ते दुसऱ्या फायलीत टाका. दोन्ही एक्सएमएललिंट या साधनानं सारख्या मांडणीत आणा आणि डिफ, म्हणजे दोन्हींतला फरक, काढा. फाइल कुणाला पाठवणार असाल तर आधी पासवर्ड खोडा.

एवढा आग्रह का, तर आपण जावास्क्रिप्टचं ऑब्जेक्ट लिहितो आणि समोरच्याला एक्सएमएल मिळतं. मधल्या भाषांतरात काय झालं याचा अंदाज बांधत बसणं हाच वेळेचा खरा खड्डा. आमच्या टीममधली एक मुलगी दोन दिवस पासवर्ड तपासत होती. डिफ काढला तर पासवर्ड ठीक होता, पण अख्ख्या विनंतीचा बाहेरचा टॅगच दोनदा आला होता: एकदा लायब्ररीनं घातलेला आणि एकदा तिनं ऑब्जेक्टमध्ये स्वतः लिहिलेला. लायब्ररी मेथडच्या नावावरून तो टॅग आपणहून घालते, हे पहिल्यांदा वापरणाऱ्याला ठाऊक नसतं. क्लायंटचं 'डिस्क्राइब' छापून पाहिलं की ऑब्जेक्टचा आकार कुठून सुरू करायचा ते कळतं.

याच टप्प्यावर आणखी एक स्वस्त चाचणी करून टाका. त्याच कोडनं एखादी उघडी, सगळ्यांना वापरता येणारी सेवा कॉल करून बघा. मी युरोपीय आयोगाची व्हॅट क्रमांक तपासणारी 'व्हीआयईएस' वापरतो: देशाचा कोड आणि क्रमांक द्या, वैध आहे की नाही ते सांगते. ती चालली तर तुमचं नोड, लायब्ररी आणि बाहेर जाणारं नेटवर्क शाबूत आहे. मात्र ग्रीससाठी तिथे 'जीआर' चालत नाही, 'ईएल' लागतं; 'इनव्हॅलिड इनपुट' आलं म्हणून कोड उकरत बसू नका.

५००च्या पोटात बघा

सोप १.१मध्ये सेवेनं कुठलीही चूक कळवायची तर एचटीटीपी ५०० बरोबरच कळवायची, असा नियम आहे. म्हणजे ५०० आला याचा अर्थ त्यांचा सर्व्हर कोसळला असा होत नाही. बहुतेकदा आत एक सोप फॉल्ट (काय चुकलं त्याचा तपशील) व्यवस्थित लिहून पाठवलेला असतो, आणि आपणच तो न वाचता फेकून देतो. ॲक्सिऑस (एचटीटीपी कॉल करायची लायब्ररी) ५००वर एरर फेकतो. उत्तराचा मजकूर एररच्या 'रिस्पॉन्स'मधल्या 'डेटा'त पडलेला असतो. आपला कॅच ब्लॉक फक्त 'मेसेज' लॉग करतो आणि मजकूर हरवतो. नोडच्या अंगच्या फेचचं उलटं: तो ५००वर काहीच फेकत नाही, त्यामुळे स्टेटस न तपासणारा कोड फॉल्टलाच उत्तर समजून पुढे जातो.

फॉल्ट कोडमध्ये 'क्लायंट' असेल (१.२मध्ये 'सेंडर') तर चूक आपल्या विनंतीत आहे. 'सर्व्हर' असेल (१.२मध्ये 'रिसीव्हर') तर त्यांच्याकडे. काही सेवा आळसानं सगळ्यालाच 'सर्व्हर' म्हणतात, म्हणून फॉल्ट स्ट्रिंग आणि डिटेल हेही वाचाच.

डब्ल्यूएसडीएल: काय मिळालं आणि आत कुठला पत्ता आहे

डब्ल्यूएसडीएलच्या जागी एचटीएमएल आलं तर ते लॉगिनचं पान असतं, नाहीतर मधल्या प्रॉक्सीनं दिलेलं 'परवानगी नाही'चं. ज्या सर्व्हरवर ॲप चालतं त्या सर्व्हरवर लॉगिन करून तिथूनच कर्ल (कमांडवरून पत्ता उघडायचं साधन) मारा. तुमच्या लॅपटॉपवरून उघडतं याला काही अर्थ नाही. समोरच्यांनी ऑफिसचा आयपी व्हाइटलिस्ट केलेला असतो आणि क्लाउडवरच्या सर्व्हरचा करायचा राहून गेलेला असतो, असं मी निदान चार ठिकाणी पाहिलंय.

डब्ल्यूएसडीएल नीट मिळालं तर शेवटाकडे जा. तिथे सर्व्हिसच्या आत ॲड्रेसचा टॅग असतो. लायब्ररी त्याच पत्त्यावर कॉल करते. तुम्ही डब्ल्यूएसडीएल कुठून उतरवलं याच्याशी तिला देणंघेणं नसतं. सेवा प्रॉक्सीच्या मागे असेल तर त्या पत्त्यात आतल्या मशीनचं नाव, लोकलहोस्ट किंवा ८०८० पोर्ट सापडतो. अनोळखी नावाचा 'ईनॉटफाउंड' इथून येतो. उपाय एका ओळीचा: 'सेटएंडपॉइंट'नं खरा पत्ता द्या. सोपयूआयमध्ये हा पत्ता कुणीतरी पूर्वीच हातानं बदललेला असतो, म्हणून तिथे चालतं.

आतल्या एक्सएसडी (स्कीमा, म्हणजे एक्सएमएलची रचना ठरवणाऱ्या फायली) इम्पोर्टचे पत्तेही असेच आतल्या मशीनकडे बोट दाखवत असतील तर समोरच्यांकडे एकसंध फाइल मागा. डब्ल्यूसीएफची (मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटवर सेवा बांधायची चौकट) सेवा असेल तर डॉट नेट ४.५पासून पत्त्यापुढे 'सिंगलडब्ल्यूएसडीएल' लावलं की सगळं एकाच फायलीत मिळतं. मी ती उतरवून कोडबरोबरच ठेवतो, नावात तारीख घालून. नाहीतर रात्री त्यांचा सर्व्हर देखभालीला गेला आणि नेमकं तेव्हाच आपलं ॲप रीस्टार्ट झालं तर ते उठतच नाही.

१.१ की १.२

४१५ आला की मी दुसरं काही बघत नाही, थेट हेडर बघतो. सोप १.१ला कंटेंट-टाइप 'टेक्स्ट/एक्सएमएल' लागतो आणि 'सोपॲक्शन' नावाचं वेगळं हेडर. १.२ला 'ॲप्लिकेशन/सोप+एक्सएमएल' लागतो, आणि ॲक्शन त्याच हेडरच्या पोटात जाते. एन्व्हलपचं, म्हणजे सगळ्यांत बाहेरच्या टॅगचं, नेमस्पेसही (टॅग कुठल्या घराण्यातला ते सांगणारा पत्ता) वेगळं आहे: १.१चं 'एक्सएमएलसोप' वालं, १.२चं डब्ल्यू३ वालं, ज्यात २००३/०५ दिसतं. हेडर एका आवृत्तीचं आणि एन्व्हलप दुसऱ्या आवृत्तीचं, ही खिचडी झाली की सर्व्हर दार उघडत नाही. हातानं एक्सएमएल बांधणाऱ्यांकडे ही खिचडी हमखास सापडते, कारण एन्व्हलप एका उदाहरणातून उचललेलं असतं आणि हेडर दुसऱ्या.

सोपॲक्शनची किंमत डब्ल्यूएसडीएलमधून जशीच्या तशी घ्या. शेवटचा स्लॅश, लहान-मोठं अक्षर आणि भोवतीची अवतरणचिन्हं, सगळं धरून. बऱ्याच सर्व्हरना फरक पडत नाही. ज्यांना पडतो ते कारण सांगत नाहीत.

क्रम, नेमस्पेस आणि 'रिकामं' म्हणजे काय

जेसनवर वाढलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो: एक्सएमएल स्कीमात 'सीक्वेन्स' लिहिलं असेल तर घटकांचा क्रम हा नियमच असतो. सोप लायब्ररी तुमच्या ऑब्जेक्टमध्ये ज्या क्रमानं की लिहिल्या आहेत त्याच क्रमानं टॅग काढते. क्रम सांभाळणं हे तुमचं काम.

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि ती मला महागात पडली. विमा क्षेत्रातल्या एका क्लायंटचं काम होतं. समोर डब्ल्यूसीएफ, तिथला नेहमीचा सीरियलायझर (एक्सएमएल वाचून ऑब्जेक्ट करणारा भाग) घटक वर्णानुक्रमे अपेक्षित धरतो: ॲड्रेस, बर्थडेट, फर्स्टनेम, नॉमिनीनेम. माझं ऑब्जेक्ट त्याच क्रमानं लिहिलेलं होतं आणि वर्षभर चाललं. मग एका शुक्रवारी कोड नीटनेटका करायच्या नादात मी डिफॉल्ट किमतींचं एक ऑब्जेक्ट केलं, त्यात नॉमिनीनेम रिकामं ठेवलं, आणि खाली तीन टिंबांचं स्प्रेड वापरून डिफॉल्ट आधी, खरी माहिती नंतर असं मिसळलं. किमती बरोबर बसल्या. पण स्प्रेडमध्ये आधी आलेल्या कीची जागा बदलत नाही, फक्त किंमत बदलते. त्यामुळे नॉमिनीनेम सगळ्यांच्या पुढे जाऊन बसलं. त्या सीरियलायझरनं नॉमिनी वाचलं, म्हणजे तो यादीत तिथवर पोचला, आणि त्यानंतर आलेले ॲड्रेस, बर्थडेट, फर्स्टनेम हे 'गाडी पुढे गेली' म्हणून गुपचूप सोडून दिले. एरर नाही, २०० ओके. नॉमिनीचं नाव अचूक, आणि ज्याची पॉलिसी त्याचंच नाव, पत्ता, जन्मतारीख कोरी.

सोमवारी दुपारी त्यांच्या ऑफिसातून फोन आला. तेव्हापासून विनंतीचं ऑब्जेक्ट मी एकाच ठिकाणी, एक-एक की हातानं लिहून बांधतो आणि वर कॉमेंट टाकतो: 'क्रम बदलू नये'. दिसायला गावठी आहे, असू दे.

नेमस्पेसचं थोडक्यात: स्कीमात 'एलिमेंटफॉर्मडिफॉल्ट' क्वालिफाइड असेल तर आतल्या प्रत्येक टॅगला त्या नेमस्पेसचं असावं लागतं, अनक्वालिफाइड असेल तर फक्त बाहेरच्याला. डिफमध्ये प्रीफिक्सची अक्षरं वेगळी दिसली तर घाबरू नका, 'टीईएम' काय आणि 'एनएस१' काय, ती नुसती टोपणनावं. ती कुठल्या पत्त्याला बांधली आहेत ते जुळलं पाहिजे.

आणि रिकामं. टॅग नसणं, टॅग असून कोरा असणं, आणि टॅगवर 'निल' खरं असं लिहिलेलं असणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जन्मतारीख माहीत नाही म्हणून कोरा टॅग पाठवला तर सर्व्हर कोऱ्या मजकुराची तारीख करायला जातो आणि फॉल्ट देतो. टॅग गाळायला परवानगी आहे का ते सोपयूआयच्या नमुन्यात दिसतं. गाळता येणाऱ्या टॅगवर त्यानं 'ऑप्शनल' अशी कॉमेंट घातलेली असते.

मराठी नावं अडकतात तेव्हा

हे दुखणं आपल्याकडचं खास. सेवा महिनाभर नीट चालते, मग फॉर्ममध्ये देवनागरी सुरू होतं आणि 'अनपेक्षित शेवट' असा एरर यायला लागतो. बहुतेक वेळा कारण एकच: कुणीतरी कंटेंट-लेंग्थ हातानं लिहिलेली असते आणि ती स्ट्रिंगच्या 'लेंग्थ'वरून काढलेली असते.

'शुभांगी' घ्या. जावास्क्रिप्टच्या हिशेबानं लांबी ७: श, उकार, भ, काना, अनुस्वार, ग, वेलांटी. यूटीएफ-८मध्ये यातला प्रत्येक तुकडा ३ बाइटचा, म्हणजे २१. आपण सर्व्हरला १४ बाइट कमी सांगितले. सर्व्हर तेवढंच वाचून थांबतो. शेवटचा एन्व्हलप बंद करणारा टॅग 'सोप' प्रीफिक्ससह १६ अक्षरांचा. त्यातली १४ कापली गेली आणि हाती उरलं नुसतं '</'. कनेक्शन चालू ठेवलेलं असेल तर ते उरलेले १४ बाइट पुढच्या विनंतीच्या डोक्यावर जाऊन बसतात आणि ज्या बिचाऱ्या विनंतीचा काही दोष नाही तिला ४०० मिळतो. मग लोक तिचाच तपास करत बसतात.

उपाय: ते हेडर लिहूच नका, ॲक्सिऑस आणि फेच स्वतः बरोबर मोजतात. अगदी खालचं एचटीटीपी मॉड्यूल वापरत असाल तर बफरचं 'बाइटलेंग्थ' वापरा.

मजकुराच्या बाकी भानगडी भराभर सांगतो. 'पाटील & सन्स' मधलं & कच्चं गेलं तर एक्सएमएल मोडतं. स्वतः एस्केप करत असाल तर & आधी, मग < आणि बाकीचे; उलट केलंत तर आधीच्या एस्केपमधलं & पुन्हा एस्केप होतं. लायब्ररी वापरत असाल तर स्वतः काही करू नका, नाहीतर दोनदा होईल आणि ग्राहकाच्या बिलावर त्याच्या दुकानाच्या नावात 'एएमपी' छापून येईल. वर्ड-एक्सेलमधून चिकटवलेल्या पत्त्यात कधी कधी न दिसणारं उभ्या टॅबचं अक्षर असतं, एक्सएमएल १.० ते कुठल्याच रूपात घेत नाही, एस्केप करूनही नाही, काढूनच टाकावं लागतं. आणि येणाऱ्या उत्तराच्या सुरुवातीला बीओएमचे (मजकुराचं एन्कोडिंग दाखवणारे) तीन बाइट असले की पार्सर 'पहिल्या टॅगआधी काहीतरी आहे' म्हणून रुसतो, तेवढे कापा.

उत्तर आलं, पण अर्थ बदलला

पार्सर समजूतदार असतात, गरजेपेक्षा जास्तच. फास्ट-एक्सएमएल-पार्सर मूळ सेटिंगमध्ये आकड्यांसारख्या दिसणाऱ्या मजकुराचे आकडे करतो. '००१२३४५' हा खाते क्रमांक १२३४५ होतो. टॅगच्या किमती पार्स करणं बंद करा आणि जे खरंच आकडे आहेत ते स्वतः बदला. लांब क्रमांकांचं तर विचारूच नका: जावास्क्रिप्टचा पूर्णांक ९००७१९९२५४७४०९९१च्या पुढे भरवशाचा नाही, शेवटचा अंक गुपचूप बदलतो.

यादीत तीन नोंदी आल्या तर ॲरे, एकच आली तर नुसतं ऑब्जेक्ट, आणि एकही नाही तर कोरी स्ट्रिंग. पार्सरचा यात दोष नाही, एका टॅगकडे बघून तो यादीतला एकुलता एक आहे हे त्याला कळायला मार्ग नाही. कुठले टॅग नेहमी ॲरे धरायचे ते 'इजॲरे' पर्यायात सांगा. टेस्टिंगच्या डेटात सगळ्यांकडे दोन-दोन पॉलिसी असतात, म्हणून हे नेमकं लाइव्ह गेल्यावर सापडतं.

तारीख. आपल्याकडे १० जून २०२४ची मध्यरात्र म्हणजे यूटीसीत ९ जूनचे १८:३०. डेट ऑब्जेक्ट तसंच दिलं किंवा आयएसओ स्ट्रिंगचे पहिली दहा अक्षरं कापून घेतली तर ९ जून जातं. गंमत अशी की क्लाउडवरचा सर्व्हर यूटीसीवर असेल तर तिथे बरोबर जातं आणि चूक फक्त लॅपटॉपवर दिसते, मग लोक 'लोकलचा प्रॉब्लेम आहे' म्हणून सोडून देतात. नुसती तारीख हवी असेल तिथे डेट ऑब्जेक्ट वापरूच नका, वर्ष-महिना-दिवस अशी स्ट्रिंग द्या.

मधूनच तुटणारं कनेक्शन

नोडची आवृत्ती वाढवल्यावर सुरू झालं का, हे आधी विचारा. नोड १७पासून लोकलहोस्टचं उत्तर आयपीव्ही६ असं येऊ शकतं, सेवा १२७.०.०.१वरच ऐकत असेल तर 'ईकनरीफ्यूज्ड'. पत्त्यात १२७.०.०.१ लिहा, संपलं.

'ईकनरीसेट'चं कारण वेगळं. नोड १९पासून बाहेर जाणारी कनेक्शनं मुळातच चालू ठेवली जातात. त्याआधी तसं नव्हतं. १८वरून थेट २०वर उडी मारणाऱ्यांना हा बदल न सांगता भेटतो. रिकामं कनेक्शन आपण ठेवतो ५ सेकंद. समोरचा सर्व्हर किंवा मधला लोड बॅलन्सर त्याच सुमारास ते बंद करत असेल तर आपली विनंती नेमकी बंद होणाऱ्या दारावर आपटते. म्हणून दिवसातून दहा-वीसदाच होतं आणि हातानं करून बघायला गेलं की होत नाही. तपासणी सोपी: एजंटमध्ये 'कीपअलाइव्ह' बंद करून एक दिवस बघा. एरर थांबले तर तेच कारण. सोप लायब्ररी आपणहून कनेक्शन बंद करण्याचं हेडर पाठवते, त्यामुळे हा त्रास बहुधा हातानं एक्सएमएल बांधून ॲक्सिऑसनं पाठवणाऱ्यांना होतो.

यावर 'पुन्हा प्रयत्न करा' असा आंधळा कोड टाकू नका. कनेक्शन तुटलं किंवा टाइमआउट झाला, म्हणजे काम झालं नाही असं नव्हे. मागच्या बाजूला पॉलिसी निघालेली असू शकते, पैसे कापलेले असू शकतात.

सर्टिफिकेट

ब्राउझरमध्ये उघडतं आणि नोडमध्ये 'लीफ सिग्नेचर पडताळता येत नाही', तर समोरच्या सर्व्हरनं मधलं सर्टिफिकेट पाठवलेलंच नाही. क्रोम ते स्वतः शोधून आणतो, नोड आणत नाही. ओपनएसएसएलच्या 'एस-क्लायंट'नं साखळी छापून बघा. एकच सर्टिफिकेट दिसलं तर चूक त्यांची, त्यांना कळवा. 'साखळीत स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट' असं आलं तर बहुधा कंपनीचं खासगी सीए (सर्टिफिकेट देणारी यंत्रणा) मधे आहे. नोड विंडोजच्या सर्टिफिकेटच्या साठ्याकडे मुळात बघत नाही, स्वतःबरोबर आणलेली मोझिलाची यादी वापरतो. त्या खासगी सीएच्या सर्टिफिकेटची फाइल 'नोड एक्स्ट्रा सीए सर्ट्स' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्या.

पडताळणीच बंद करणारी शून्याची सेटिंग सगळ्यांना माहीत आहे. ती 'तात्पुरती' म्हणून येते आणि प्रॉडक्शनमध्ये म्हातारी होते. माझ्या हातात आलेल्या प्रोजेक्टमध्ये मी पहिलं तिलाच शोधतो.

क्लायंट सर्टिफिकेटची जुनी पीएफएक्स फाइल नोड १७नंतर उघडेनाशी झाली असेल तर पासवर्ड चुकला असं समजू नका. ओपनएसएसएल ३ जुनी आरसी२ कूटपद्धत आपणहून वाचत नाही. फाइल नव्या पद्धतीत बदलून घ्या.

डब्ल्यूएस-सिक्युरिटी, आणि हात कुठे थांबवायचा

डब्ल्यूएस-सिक्युरिटी म्हणजे सोप विनंतीच्या आतच पासवर्ड, वेळ, सही घालायची पद्धत. आधी घड्याळ बघा. विनंतीत टाइमस्टॅम्प असेल तर डब्ल्यूसीएफ मूळ सेटिंगमध्ये ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक खपवून घेत नाही. त्यांच्या उत्तराच्या 'डेट' हेडरशी आपल्या सर्व्हरचं यूटीसी ताडून बघा. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर डॉकरचं घड्याळ मागे पडलेलं मी पाहिलंय. मग पासवर्ड साधा हवा की डायजेस्ट (त्याचा हॅश), ते बघा. डायजेस्ट हातानं काढत असाल तर नॉन्स (दर विनंतीला नवी, एकदाच वापरायची किंमत), वेळ आणि पासवर्ड एकापुढे एक ठेवून शा-१ काढायचा असतो, आणि नॉन्स म्हणजे त्याचे मूळ बाइट. बेस६४ केलेली स्ट्रिंग जोडली तर उत्तर कायम चुकतं.

इथवर करून न सुटल्यास आणि विनंतीवर एक्सएमएल सही किंवा एन्क्रिप्शन असल्यास थांबा. सही जुळत नाही याचं कारण एक मोकळी जागा, एक नेमस्पेस, किंवा कॅनॉनिकल रूप काढायची वेगळी पद्धत असू शकतं. अंदाजानं सेटिंग बदलत राहिलात तर सही एखाद्या दिवशी 'चालेल'ही, पण नेमक्या कुठल्या भागावर सही झाली हे तुम्हाला सांगता येणार नाही. हे काम ज्यानं पूर्वी केलंय अशा सिक्युरिटीच्या माणसाला द्या. मी देतो.

टाइमआउट झालेल्या विनंतीत पैसे असतील तरीही थांबा. पुन्हा पाठवू नका, समोरच्यांना फोन करून तो व्यवहार झाला की नाही हे आधी विचारा. आणि कर्लसुद्धा त्याच सर्व्हरवरून पोचत नसेल तर प्रश्न तुमच्या कोडचा नाही, नेटवर्कवाल्यांना उठवा.

त्यांच्या सपोर्टला मेल करताना 'तुमची सेवा चालत नाही' एवढंच लिहू नका. पासवर्ड खोडलेली कच्ची विनंती, हेडरसह कच्चं उत्तर, आपल्या सर्व्हरचा बाहेरचा आयपी, आणि नेमकी वेळ द्या. वेळेपुढे आयएसटी की यूटीसी तेही लिहा, नाहीतर ते साडेपाच तास इकडचे-तिकडचे लॉग उघडून बसतात आणि संध्याकाळी उत्तर येतं की तुमच्याकडून विनंती आलेलीच नाही.